रस्त्यावर दिसणारं रक्त, शरीरात लपणारं रक्त

अपघाताच्या जागी पोचलेल्या माणसाची नजर आधी रक्ताकडे जाते. रस्ता लाल झालेला दिसला की ‘हा काही वाचत नाही’ असं मनाशी ठरतं. अंगावर नुसतं खरचटलेलं असेल तर ‘थोडक्यात निभावलं’ म्हणत लोक बाजूला होतात. दोन्ही अंदाज चुकू शकतात, आणि दुसरा चुकला तर हातात असलेला जीव जातो.

नुसत्या नजरेनं रक्ताचं माप घेता येतं का, हे वेगवेगळ्या देशांत तपासलं गेलं आहे. फरशीवर, कपड्यांवर मोजून ओतलेलं रक्त दाखवून डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांना अंदाज विचारले गेले. निष्कर्ष बहुतेक वेळा सारखाच निघाला: रक्त थोडं असेल तर ते जास्त सांगितलं जातं आणि खूप असेल तर कमी. अनुभवी माणसांचेही अंदाज चुकतात.

याचं एक कारण साध्या हिशेबात आहे. डोळ्याला डागाचं क्षेत्रफळ दिसतं, थराची जाडी दिसत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे एक लिटर. थर दोन मिलिमीटरचा असेल तर तेवढ्याच डागात दोन लिटर. हा फरक उभ्यानं पाहणाऱ्याला कळत नाही, पण शरीरासाठी तो जगण्या-मरण्याचा असतो.

रस्ता हा हिशेब आणखी बिघडवतो. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे रक्त एका जागी थांबत नाही. खडीच्या फटींत ते मुरतं, साइडपट्टीच्या मातीत तर दिसेनासं होतं. जीन्सचं जाड कापड आणि गाडीच्या सीटमधला फोम बरंच रक्त शोषून घेतात. उलट रेडिएटरचं पाणी किंवा पाऊस मिसळला की थोडंसं रक्तही दूरवर पसरतं. शरीराबाहेर आलेलं रक्त काही मिनिटांत गोठू लागतं. पुढे गुठळी आकसते, तिच्यातून पिवळसर द्रव सुटतो आणि डागाची कड बदलते. रक्तात सुमारे चार पंचमांश पाणी असल्यानं वाळलेल्या डागाच्या वजनावरून मूळ रक्ताचा अंदाज बांधता येतो. पण ही पद्धत गुळगुळीत फरशीवर जमते. डांबरावरून सगळं रक्त खरवडून काढणार कसं?

आता शरीराकडची शिल्लक पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे ७० किलोच्या माणसात जवळपास पाच लिटर. त्यातलं ७५० मिलिलिटरपर्यंत गेलं तर बाहेरून फारसं काही जाणवत नाही. ७५० ते १५०० मिलिलिटरच्या दरम्यान नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, पण वरचा रक्तदाब बऱ्याचदा टिकून असतो. त्यापुढे रक्तदाब घसरतो, माणूस बरळू लागतो. दोन लिटरच्या पुढे जीव धोक्यात येतो. दहा किलोच्या बाळात सगळं मिळून साधारण ८०० मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं पेलाभर गेलं तरी परिस्थिती गंभीर होते.

शिवाय बाहेर एक थेंब न सांडताही माणूस रक्तस्रावानं मरू शकतो. मांडीचं हाड मोडलं तर एकेका मांडीत लिटर-दीड लिटर रक्त साचतं. छातीच्या एका बाजूला दीड लिटरहून अधिक मावतं. पोटात आणि मोडलेल्या कटिभागात त्याहूनही जास्त रक्त जाऊ शकतं. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर पॅरिसमधल्या आल्मा बोगद्यात राजकन्या डायनाच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा ती जिवंत होती आणि बाहेरून जीवघेणी वाटावी अशी जखम दिसत नव्हती. पण डाव्या फुप्फुसाकडून हृदयाकडे रक्त आणणारी शीर हृदयाजवळ फाटली होती आणि रक्त छातीत साचत होतं. शस्त्रक्रिया होऊनही पहाटे चारला तिला मृत घोषित करण्यात आलं.

मृत्यू घडलेल्या जागी रक्ताचा अर्थ लावताना तर अधिकच सावध राहावं लागतं. हृदय थांबलं की रक्ताला ढकलणारा दाब संपतो. त्यानंतर जखमेतून रक्त पाझरतं ते केवळ गुरुत्वाकर्षणानं. जोरदार धडकेनं महाधमनी फाटली किंवा मेंदूच्या बुंध्याला इजा झाली तर मृत्यू इतका झटपट येतो की रस्त्यावर फारसं रक्त दिसत नाही. याउलट डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असल्यानं तिथली छोटी जखमही रस्ता लाल करते. म्हणून ‘रक्त कमी, म्हणजे जागीच गेला’ किंवा ‘रक्त जास्त, म्हणजे बराच वेळ तडफडला’ हे दोन्ही निष्कर्ष केवळ डागावरून काढू नयेत. घरच्यांना आयुष्यभर छळणारा प्रश्न हाच असतो, त्यामुळे त्याचं उत्तर अंदाजानं देणं अन्यायाचं आहे. शवविच्छेदनात छाती-पोटातलं रक्त मोजलं जातं. ते आणि बाहेरचं रक्त एकत्र धरल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. पंचनाम्यात डागाची लांबी-रुंदी, रस्त्याचा उतार आणि पाऊस होता की नाही याची नोंद हवी, मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो हवेत. ओले कपडे वाळवून कागदात बांधायला हवेत, कारण प्लास्टिकमध्ये ते कुजतात.

जखमी माणूस जिवंत असेल तर मात्र मोजण्यात वेळ घालवू नये. रक्तस्राव थोपवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या औषधाची ‘क्रॅश-२’ ही मोठी चाचणी भारतासह ४० देशांत वीस हजारांहून अधिक जखमींवर झाली आणि २०१० मध्ये तिचे निष्कर्ष आले. कोणाला मोठा रक्तस्राव झाला आहे हे ठरवताना तिथे मुख्यतः नाडी ११०च्या वर आहे का आणि वरचा रक्तदाब ९०च्या खाली आहे का हे पाहिलं गेलं. त्याचा धोका आहे असं डॉक्टरांना वाटलेले जखमीही त्यात घेतले गेले. औषधाचा फायदा पहिल्या तीन तासांत होता, आणि जितकं लवकर तितका अधिक.

आपल्या हातात औषध नसतं, पण बरंच काही असतं. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा आणि रक्त थांबलं का हे पाहण्यासाठी ते सारखं उचलू नका. १०८ ला फोन करा. रक्त किती सांडलं हे सांगण्याऐवजी माणूस शुद्धीवर आहे का, नीट बोलतो का, श्वास जलद आहे का, कातडी गार आणि पांढरीफटक पडली आहे का, हे सांगा. अंगावर रक्त नसलं तरी ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्याला जोराच्या धडकेनंतर एकट्याला घरी पाठवू नका. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नं संरक्षण दिलं आहे, आणि त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांच्या भीतीनं पुढे निघून जाण्याचं कारण आता उरलेलं नाही.