ब्राझीलचें चीज आणि आपला साबुदाणा

ब्राझील देशाचें नांव निघतांच कॉफीचे मळे, ॲमेझॉनचें अरण्य आणि फुटबॉलचा खेळ या गोष्टी सुशिक्षित मनुष्याच्या मनांत येतात. तेथें दुधापासून चीज करण्याची जुनी व समृद्ध परंपरा आहे, ही वार्ता मात्र आपल्याकडे क्वचितच कानीं येते. वस्तुतः या विषयाचे धागे आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोंचलेले आहेत. बुलढाणा जिल्ह्यांतील नांदुरा तालुक्यांतलें वडनेर भोलजी हें गांव उदाहरणादाखल घ्यावें. तेथें एकादशीला जी साबुदाण्याची खिचडी होते, तिचा मूळ कंद दक्षिण अमेरिकेंतला. आणि ब्राझीलच्या गोठ्यांतील कित्येक दुभत्या गाईंचें कूळ आपल्या भारतांतलें! एक वस्तु तिकडून आली, दुसरी इकडून गेली, आणि दोन्ही देशांच्या ताटांत त्यांचें स्थान कायम झालें.

प्रथम कंदाची हकीकत पाहूं. कसावा या नांवाच्या झुडपाच्या मुळाशीं पिष्टानें भरलेले लांबट कंद येतात. ॲमेझॉनच्या परिसरांतील मूळ रहिवासी हजारों वर्षांपासून त्यांवर निर्वाह करीत आले आहेत. पोर्तुगीजांच्या गलबतांतून हें झाड समुद्रापार गेलें व हिंदुस्थानांत केरळच्या बाजूस चांगलें रुजलें. खरा साबुदाणा मलायाकडील एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून होत असे. दुसऱ्या महायुद्धांत ती आयात बंद पडली, तेव्हां १९४३ च्या सुमारास तामिळनाडूंतील सेलम येथें कसाव्याच्या पिष्टापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आज आपल्या उपवासाच्या ताटांत पडतो तो हाच.

आतां गाईंकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्राझीलच्या पशुपालकांनीं उष्ण हवेंत टिकणारीं वशिंडाचीं जनावरें हिंदुस्थानांतून नेण्यास आरंभ केला. काठेवाडची गीर गाय त्यांतलीच. १९६० च्या सुमारास भावनगरच्या महाराजांकडून ‘कृष्ण’ नांवाचा गीर वळू तिकडे गेला; त्याच्या संततीचें नांव तेथील पशुपालक अद्याप आदरानें घेतात. गीर व युरोपांतील होल्स्टीन यांच्या संकरांतून ‘जिरोलांदो’ ही जात निपजली, आणि ब्राझीलच्या दुधाचा मोठा भाग आज तिच्याकडून येतो.

दूध मुबलक झालें कीं तें टिकवावें कसें, हा प्रश्न जगांतील प्रत्येक गोपालकापुढें उभा राहतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत सकाळीं काढलेलें दूध न तापवितां ठेवलें तर दुपारपर्यंत नासतें. आपल्या पूर्वजांनीं यावर विरजण, लोणी, तूप, खवा व चक्का हे उपाय योजिले. युरोपांतील लोकांनीं निराळा मार्ग धरला. दूध पिणाऱ्या वासराच्या पोटांत एक पाचक द्रव्य असतें. त्याचा अल्प अंश कोमट दुधांत घातला कीं दूध घट्ट दह्यासारखें थिजतें. तें कापून, निथळून, मीठ लावून ठेविलें म्हणजे चीज होतें. आपण लिंबू पिळून पनीर करितों, त्यांत उष्णता व आंबटपणा यांचें काम असतें. म्हणूनच पनीर तव्यावर कितीही परतलें तरी वितळत नाहीं, आणि पुष्कळशा जातींचें चीज मात्र वितळून धागे सोडतें. वासराच्या द्रव्याऐवजीं सूक्ष्म जंतूंपासून मिळविलेलें द्रव्य आतां सर्रास वापरतात, त्यामुळें शाकाहारी माणसासही चीज निषिद्ध राहिलेलें नाहीं.

ब्राझीलमध्यें चीजचें माहेर म्हणजे मिनास जेराइस हा प्रांत. अठराव्या शतकांत तेथें सोन्याच्या खाणी निघाल्या व पोर्तुगीज वसाहतवाले डोंगराळ मुलखांत शिरले. दूध लांब पाठवितां येईना. चीज मात्र खेचरांच्या पाठीवरून दूरवर जाऊं शके. सेर्रो, कानास्त्रा इत्यादि भागांत तीच रीत अद्याप चालू आहे. काढलेल्या कच्च्या दुधांत गोठविण्याचें द्रव्य व ‘पिंगो’ घालतात. पिंगो म्हणजे थेंब. आदल्या दिवशींच्या चीजमधून रात्रभर ठिबकलेलें खारट पाणी जपून ठेवून दुसऱ्या दिवशींच्या दुधास लावावयाचें. आपल्या गृहिणी कालच्या दह्याचें विरजण आज लावतात, त्याचाच हा भाऊ! त्या त्या खोऱ्यांतील उपयुक्त जंतु या थेंबांतून दिवसामागून दिवस चालत राहतात, आणि म्हणूनच एका डोंगराच्या चीजची चव दुसऱ्यास येत नाहीं.

इतर प्रकारांचा धांवता उल्लेख पुरे. ईशान्येकडील ‘कोआल्यो’ हें चीज काडीला टोंचून निखाऱ्यावर भाजतात व समुद्रकांठीं विकतात. ‘कातुपिरी’ हें मऊ चीज एका इटालियन कुटुंबानें १९११ मध्यें प्रचारांत आणिलें. ॲमेझॉनच्या मुखाशीं असलेल्या माराजो बेटावर तर म्हशीच्या दुधाचें चीज होतें. वडनेरच्या शेतकऱ्यास तो गोठा परका वाटणार नाहीं.

परंतु या परंपरेवर एक संकट आलें होतें. कच्च्या दुधांतून क्षय व ब्रुसेलोसिस यांसारखे रोग पसरूं शकतात, हें खरें आहे. १९५२ च्या सरकारी नियमावलीनें मोठ्या कारखान्यांना शोभतील अशा अटी घातल्या, आणि घरगुती चीज करणाऱ्या कुटुंबांचा माल आपल्या प्रांताबाहेर उघडपणें विकणें जवळजवळ अशक्य झालें. कुटुंबें हटलीं नाहींत. अखेर २००२ मध्यें मिनास प्रांतानें निराळा कायदा केला. जनावरांची तपासणी, स्वच्छ पाणी, पुरेशी मुरवण, अशा अटी पाळणारास मार्ग मोकळा झाला. २००८ मध्यें या कलेस राष्ट्रीय वारशाचा मान मिळाला, २०१८ च्या कायद्यानें ती देशभर विकतां येऊं लागली, आणि २०२४ मध्यें युनेस्कोनें तिला मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. शास्त्र व परंपरा यांनीं एकमेकांचा हात धरिला म्हणजे काय साधतें, याचा हा वस्तुपाठ होय.

याच चीजचा घरगुती खाऊ म्हणजे ‘पाँव द केजु’, अर्थात् चीजचा पाव. आपला ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच. या पावांत गहूं नसतो. कसाव्याचें पिष्ट असतें. आपल्या घरीं तो असा करावा. दोन वाट्या साबुदाणा कोरडा दळून पीठ चाळून घ्यावें. वाटीभर दूध, चार चमचे तूप व मीठ एकत्र उकळून त्यावर ओतावें व झांकून ठेवावें. निवल्यावर दीड वाटी किसलेलें चीज आणि एक अंडें घालून मळावें. अंडें चालत नसल्यास दोन-तीन चमचे दही घ्यावें. सुपारीएवढे गोळे करून भट्टींत अथवा तूप लावलेल्या अप्पेपात्रांत मंद आंचेवर झांकून, उलटवून भाजावे. उकळत्या दुधानें पिष्ट चिकट होतें व आंतील वाफ त्यास फुगविते. यीस्टची गरज पडत नाहीं. ब्राझीलमध्यें कांहीं जण आंबवून उन्हांत वाळविलेलें पिष्ट घेतात, तें अधिक फुगतें. आपला साबुदाणा आधींच थोडा भाजलेला असल्यामुळें गोळे जरा दाट होतात. चव मात्र उणी नसते.

एक पथ्य आवर्जून पाळावें. तपासणी झालेल्या गोठ्यांतलें कच्चें दूध मुरवून चीज करणें निराळें, आणि ओळखीच्या गवळ्याचें दूध न तापवितां वापरणें निराळें. घरांत जें पनीर किंवा चीज करावयाचें तें तापविलेल्या दुधाचेंच असावें. मिनासच्या शेतकऱ्यांनीं आपली कला स्वच्छतेच्या कसोटीस उतरविली, म्हणून ती जगली. वडनेरसारख्या गांवांत खवा व चक्का करणारे हात आहेत, रोजचें विरजण आहे; त्यांना तपासणीची व स्वच्छतेची जोड मिळाली, तर संध्याकाळचें उरलेलें दूध नासून जाण्याऐवजीं घरास चार पैसे मिळवून देईल.