ट्रॅक्टरच्या धुराचा रंग ओळखा, इंजिनवरील खर्च टाळा

नांगरट करताना ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला, की ‘इंजिन बोअरला आले’ असे समजून अनेक जण थेट गॅरेज गाठतात. अनेकदा दोष तुंबलेल्या एअर क्लीनरमध्ये असतो. धुराचा रंग आणि तो कधी येतो, हे पाहिल्यास विनाकारण होणारा खर्च टळतो. चांगल्या स्थितीतील इंजिनचा धूर फिकट, जेमतेम दिसेल इतकाच असतो. एकदम ओढ पडल्यावर क्षणभर काळसर झाक येणे स्वाभाविक आहे.

काळा धूर
डिझेलच्या प्रमाणात हवा कमी पडली, की डिझेल पूर्ण जळत नाही आणि काजळी बाहेर पडते.
- एअर क्लीनर स्वच्छ करावा. ऑइल बाथ प्रकारात तेल खुणेपर्यंतच ठेवावे. गाळ साचल्यास बदलावे.
- खालचा गिअर घेतल्यावर किंवा नांगराची खोली कमी केल्यावर धूर थांबला, तर कारण जादा ओढ हेच आहे.
- तरीही धूर राहिल्यास नोझल व डिझेल पंप तपासून घ्यावा.

निळा धूर
इंजिन ऑइल जळत असल्याची ही खूण आहे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन थंड असताना ऑइलची पातळी पाहावी. ती खुणेच्या वर असल्यास जादा ऑइल काढावे. पातळी वारंवार घटत असेल आणि ब्रीदरमधूनही धूर येत असेल, तर रिंग-लायनर झिजल्याची शक्यता असते.

पांढरा धूर
थंडीत सकाळी सुरुवातीची काही मिनिटे पांढरा धूर आल्यास काळजी नको. इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि कच्च्या डिझेलचा वास येऊन डोळे चुरचुरले, तर नोझल, पंपाचे टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन हे कारण असू शकते. मात्र रेडिएटरमधील पाणी घटत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. अशा वेळी इंजिन लगेच बंद करावे. सिलिंडरमध्ये साचलेले पाणी दाबले जात नाही. त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

लक्षात ठेवा
- इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.
- बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील विषारी वायू जिवावर बेततो.
- मेकॅनिकला धुराचा रंग, तो येण्याची वेळ आणि ऑइल-पाण्याची घट सांगावी. त्यानंतरच इंजिन उघडण्याचा निर्णय घ्यावा.