लेखांक ९ : बीडकडे वळायचं की धाराशिवकडे?

१९३७ मध्ये पॅसिफिकवर विमानासह हरवलेल्या अमेलिया इअरहार्टबाईंना ठेवलं होतं म्हणतात, त्या सायपानच्या तुरुंगाबद्दल लिहितो, असं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. ते आज राहू द्या. चौसाळ्यातल्याच एका निवृत्त गुरुजींनी मला बसस्टँडसमोर गाठलं आणि चहाचे दोन कप होईपर्यंत सोडलं नाही. पहिला प्रश्न सोपा होता : अमेलियाबाई आपल्या डोक्यावरून गेल्या होत्या का?

नाही. १७ जून १९३७ ला त्या कराचीहून निघून कलकत्त्याला दमदमवर उतरल्या. ती वाट आपल्या पार उत्तरेला राहिली. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, मृगाच्या पावसाची वाट बघत. कराचीत मात्र त्या हौसेनं उंटावर बसल्या होत्या, आणि ती कराची त्याच्या सव्वा वर्ष आधीपर्यंत मुंबई इलाख्यातली. तेवढंच आपलं नातं.

दुसऱ्या प्रश्नानं माझा आठवडा खाल्ला. "अमेलियाबाईंच्या शेवटच्या निरोपातलं १५७-३३७ म्हणजे काय हो? अक्षांश म्हणावं, तर ते नव्वदच्या पुढं जात नाहीत."

त्या दिशा आहेत. उत्तर म्हणजे शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०. दक्षिणायन लागून दहा-अकराच दिवस झालेले असल्यानं २ जुलैला सूर्य विषुववृत्ताच्या साधारण २३ अंश उत्तरेला असतो. त्या दिवशी अमेलियाबाईंना गाठायचं होतं ते हाउलंड बेट जवळजवळ विषुववृत्तावरच. म्हणून तिथं सूर्य ९० वजा २३, म्हणजे ६७ अंशांवर उगवतो. त्याला काटकोन करा : ६७ अधिक ९०, झाले १५७. त्याच रेघेचं दुसरं टोक ३३७. त्यांच्या विमानात वाट काढणाऱ्या फ्रेड नूननने सकाळी सूर्य मोजला होता, हे या आकड्यांतूनच कळतं.

गुरुजींना आकडे पटले, रेघ पटेना. म्हणून स्लॅबवर बांबू उभा केला. आर्द्राचे दिवस, चार सकाळी नुसते ढग. पाचव्या दिवशी सूर्य वर आला तशी बांबूची सावली स्लॅब ओलांडून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर चढली. फिकट, कडा नसलेली. तिला काटकोनात खडूनं रेघ मारली. मोबाइलच्या होकायंत्रात १५६ च्या आसपास! आपण विषुववृत्ताच्या साडेअठरा अंश वर, तरी फरक अंशाचाच. या रेघेवरून कुठल्याही बाजूला पन्नास कोस गेलात, तरी त्या क्षणी सूर्य तेवढाच वर दिसणार. तुम्ही रेघेवर आहात, एवढंच तो सांगतो. रेघेवर कुठं, ते नाही सांगत.

आता अमावास्येच्या रात्री, लाइट गेलेली असताना, बीड-धाराशिव रस्त्याच्या पश्चिमेकडच्या मळ्यातून गावाकडे निघा. गावाच्या नेमक्या रोखानं चाललात, रस्ता लागला, पण गाव दिसेना. बीडकडे वळायचं की धाराशिवकडे? हा घोळ नको, तर आधीपासूनच मुद्दाम बीडच्या, म्हणजे उत्तरेच्या, अंगानं चालायचं. रस्ता लागला की निमूट उजवीकडे. गाव येतंच.

फ्रान्सिस चिचेस्टरने १९३१ मध्ये टास्मन समुद्र ओलांडताना हेच केलं. नॉरफोक बेट गाठायचं, तर विमानाचं नाक जाणूनबुजून एका बाजूला धरलं, सूर्याच्या रेघेवर पोचल्यावर वळला आणि बेटापाशी पाण्यावर उतरला. विमानात तो एकटा. विमान चालवायचं त्यानंच आणि सेक्स्टंट धरायचा तोही त्यानंच. मला या माणसावर एक अख्खा लेखांक लिहायचाय.

मग पॅन अमेरिकनमध्ये मुरलेल्या नूननने ही युक्ती केली नसेल? ८:४३ चा निरोप पाहा : रेघेवरून उत्तर-दक्षिण जात आहोत. बाजूला नेम धरलेला माणूस एकीकडेच वळतो, दोन्हीकडे शोधत बसत नाही. माझ्या मते ते थेट बेटाच्या रोखानं आले होते. बेट जेमतेम अडीच किलोमीटर लांब, आणि तेव्हाच्या नकाशात काही मैल सरकलेलं.

अमेलियाबाई निकुमारोरो बेटावर उतरल्या असं मानणाऱ्यांचा सगळा डोलारा याच रेघेवर उभा आहे. १५७ च्या अंगानं गेलं की साधारण ७० किलोमीटरवर बेकर बेट, आणि ६५० वर त्यांचं निकुमारोरो. रेघ बरोबर आहे, त्यात खोट नाही. खोट पेट्रोलमध्ये आहे. ताशी २४० नं तिथवर पावणेतीन तास लागतात, आणि पेट्रोल कमी होत चाललंय हे अमेलियाबाईंनी ७:४२ लाच कळवलं होतं. माझा कौल हाउलंडजवळच्या समुद्राला.

"अन् सायपान?" गुरुजींनी स्लॅबवर उभं राहूनच विचारलं. सायपान तिथून चार हजार किलोमीटरच्या वर, आणि या रेघेवर मुळीच नाही. पुढच्या आठवड्यात नक्की. खडूची रेघ दुपारच्या सरीनं धुऊन नेली; बांबू तसाच ठेवलाय.