खरी आणि पूर्ण

सरकारी नोकरीच्या अर्जाच्या शेवटी बहुधा एक वाक्य छापलेले असते. वर दिलेली माहिती खरी व पूर्ण आहे, अशा अर्थाचे. उमेदवार ते धड न वाचताच खाली सही ठोकून मोकळा होतो. पण साऱ्या अर्जाचा जीव त्या एका वाक्यात आहे. आणि त्यातही 'खरी' या शब्दाइतकाच 'पूर्ण' हा शब्द मोलाचा आहे.

बनावट प्रमाणपत्र जोडणे हा गुन्हा आहे, हे कोणालाही कळते. त्याबद्दल फार बोलायला नको. चांगला, होतकरू मुलगा घसरतो तो निराळ्याच ठिकाणी. परीक्षेचा निकाल लागायचा असतो आणि हा 'पदवीधर' असे लिहून टाकतो. म्हणतो, "महिन्याभरात निकाल लागेलच की!" लागेलही. परंतु जाहिरातीत दुसरी तारीख दिलेली नसेल, तर अर्ज स्वीकारण्याच्या शेवटच्या दिवशी पात्रता अंगी असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले आहे. का बरे? कारण त्याच्यासारखेच निकालाची वाट पाहणारे कितीतरी जण नियम वाचून अर्ज न करता घरी बसलेले असतात. नियम पाळला, हा काय त्यांचा अपराध?

अनुभवाचेही तसेच. आठवड्याला चार तासिका घेतलेल्या असतात, त्याचे दाखल्यात पूर्णवेळ अध्यापन होते. मधले रिकामे वर्ष कोणातरी ओळखीच्याच्या दाखल्याने बुजवले जाते. वास्तविक रिकामे वर्ष हे काही पाप नव्हे. घरी आजारपण असेल, परीक्षेची तयारी चालली असेल. जे आहे ते लिहावे.

आता कोणी म्हणेल, नसलेले लिहिले तर खोटे. असलेले लिहिले नाही तर कुठे बिघडते? याचे उत्तर २०२० सालच्या एका निकालात आहे. पंजाब नॅशनल बँकेने शिपायाच्या जागेसाठी बारावी उत्तीर्ण उमेदवार मागवले होते. पदवीधर नकोत, अशी अट होती. एका पदवीधराने आपली पदवी लपवून अर्ज केला आणि त्याची निवडही झाली. पुढे हे उघडकीस आले. उच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली, पण सर्वोच्च न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम केला. अट अन्यायाची वाटत होती, तर तिला उघड आव्हान द्यायचे होते. माहिती दडवून तिच्या आडून आत शिरणे योग्य नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. त्या माणसाची गरज खरी असेल, बेकारी माणसाला कुठवर नेते हेही आपण पाहतो. तरी ती जागा कमी शिकलेल्यासाठी राखलेली होती, हे विसरून चालत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने पूर्वचरित्राची माहिती दडवण्याबद्दल सविस्तर निकाल दिला. लहान वयात घोषणा दिल्याचा किंवा तसलाच किरकोळ खटला असेल आणि तो सांगायचा राहिला असेल, तर अधिकाऱ्याला विवेकाने तिकडे काणाडोळा करता येतो. शिवाय अर्जात जे स्पष्ट विचारलेलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून उमेदवाराला दोषी धरता येत नाही. म्हणजे कायदा काही आंधळा दंडुका नव्हे. पण सवलत द्यायची की नाही हे दुसऱ्याच्या हाती असते. खरे लिहिणे मात्र आपल्या हाती.

तेव्हा अर्ज भरताना मूळ कागद समोर ठेवावेत. तारखा त्यावरूनच उतरवाव्यात, आठवणीवरून नव्हे. अर्धवेळ काम असेल तर अर्धवेळ असेच लिहावे. पाठवलेल्या अर्जाची एक प्रत जपून ठेवावी. कागदपत्रांची पडताळणी पुष्कळदा नेमणुकीनंतरही चालू राहते. तोवर लग्न झालेले असते, घरासाठी कर्ज काढलेले असते. मग त्या एका ओळीचा हिशेब सगळ्या घराला चुकवावा लागतो. आणि ज्याची ती जागा खरोखर होती, त्याची वयोमर्यादा तोवर उलटून गेलेली असते.