लेखांक ७ : स्टीव्हन्स यांनी जिंकलेला एक खटला

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरचा महाभियोग आज येणार होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. कारण साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र. स्पीलबर्गच्या ‘लिंकन’मध्ये टॉमी ली जोन्सने रंगवलेला अमेरिकी काँग्रेसमधला खासदार थॅडियस स्टीव्हन्स त्यांनी पाहिला आणि विचारलं, की हा गृहस्थ पहिल्यापासूनच गुलामगिरीचा इतका कडवा वैरी होता का?

नव्हता. आणि हे सांगायला चॅरिटी बटलरपासून सुरुवात करावी लागते.

१८२१ साली थॅडियस स्टीव्हन्स २९ वर्षांचे होते. गेटिसबर्गला येऊन पाच वर्षं झालेली, वकिलीत जम बसलेला. गाव पेनसिल्व्हेनियात, पण मेरीलँडची हद्द घोड्यावरून दीड-दोन तासांवर. पलीकडे गुलामगिरी राजरोस. अलीकडे १७८०च्या कायद्याने ती हळूहळू मोडीत निघालेली, तीही इतकी हळू की गुलाम आईच्या पोटी त्यानंतर जन्मलेल्या मुलालाही वयाच्या २८व्या वर्षापर्यंत राबावं लागे. अशा हद्दीवर वकिलांना कामाची ददात नसते.

चॅरिटी मेरीलँडच्या नॉर्मन ब्रूसची गुलाम. त्याने तिला दुसऱ्या एका घरी भाड्याने दिलं होतं. त्या घरची बाई अधूनमधून पेनसिल्व्हेनियात मुक्कामाला यायची आणि चॅरिटीलाही सोबत आणायची. इथला कायदा असा, की परराज्यातून तात्पुरता आलेला मालक आपला गुलाम सहा महिने ठेवू शकतो. त्यापुढे ठेवला तर गुलाम मोकळा. चॅरिटीने स्वतःसाठी आणि आपल्या दोन लेकरांसाठी दावा लावला. म्हणणं साधं होतं : माझ्या सगळ्या फेऱ्यांचे दिवस एकत्र मोजा, सहा महिन्यांच्या वर जातात.

मालकाच्या बाजूने उभे राहिले स्टीव्हन्स. कायद्याला सलग मुक्काम हवा आहे, तुकडे जोडून सहा महिने भरत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. मायलेकरं गुलामच राहिली. शिवाय दक्षिणेकडच्या मालकांना वाट मोकळी झाली : पाच महिने राहा, हद्द ओलांडून परत जा, पुढच्या वर्षी पुन्हा या. ती सहा महिन्यांची सवलतच अखेर १८४७ मध्ये रद्द झाली.

वकिलाने अशिलाचं काम चोख केलं, असं म्हणून इथे त्यांना सोडून देता येईल. मला ते पटत नाही. वाटेल ते अशील घ्यावं इतकी त्यांची अडचण तेव्हा नव्हती.

स्टीव्हन्सभक्त यावर उतारा म्हणून एक गोष्ट सांगतात. कायद्याची पुस्तकं घ्यायला ते बाल्टिमोरला निघाले होते. वाटेतल्या खाणावळीत एक गुलाम बाई रडत आली. तिच्या नवऱ्याला मालक विकणार होता. स्टीव्हन्सनी पुस्तकांचे तीनशे डॉलर मोजून त्याला सोडवलं आणि तसेच रिकाम्या हाताने माघारी फिरले. गोष्ट गोड आहे, म्हणूनच मी ती जपून वापरतो. काही चरित्रकार चॅरिटीच्या खटल्याचा पश्चात्ताप त्यांना पुढे जाळत राहिला असं मानतात. असेलही.

मला त्यापेक्षा कागदावर उरलेलं महत्त्वाचं वाटतं. १८३८ मध्ये राज्याच्या नव्या घटनेने काळ्या पुरुषांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा घटनासमितीचे सभासद असूनही स्टीव्हन्सनी तिच्यावर सही केली नाही. १८५१ मध्ये ख्रिस्तियाना गावात, पळून आलेले गुलाम पकडायला आलेला मेरीलँडचा मालक एडवर्ड गॉर्सच मारला गेला. सरकारने तीसहून अधिक जणांवर थेट राजद्रोहाचा आरोप ठेवला. फिलाडेल्फियात खटला चालला तो कॅस्टनर हॅन्वे या गोऱ्या गिरणीवाल्यावर, आणि बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होते. ज्यूरीने पंधराएक मिनिटांत हॅन्वेला निर्दोष सोडलं. मालकांच्या बाजूचा वकील आता त्यांच्या विरुद्ध बाजूला बसला होता, आणि त्यांचे डावपेच त्याला आतून ठाऊक होते.

म्हणून साताऱ्याच्या वाचकांना माझं उत्तर : कडवेपणा जन्माचा नव्हता, कमावलेला होता, आणि त्याची पहिली किंमत चॅरिटीने मोजली.

पुढच्या आठवड्यात १८६८, अँड्र्यू जॉन्सन आणि खुर्चीत बसवून सभागृहात उचलून आणावे लागणारे आजारी स्टीव्हन्स. तोवर ज्यांच्या घरी जोतीरावांची ‘गुलामगिरी’ असेल त्यांनी तिची अर्पणपत्रिका काढून ठेवावी. पुस्तक १८७३चं आहे, स्टीव्हन्स गेल्यानंतर पाच वर्षांनी आलेलं, आणि अर्पण केलेलं आहे ते अमेरिकेतल्या लोकांनाच. आपल्याला ती लागणार आहे.