अर्धवट गोठलेला टँकर

टाकीत वरच्या बाजूला किती जागा मोकळी सोडायची, याचं गणित या आठवड्यात मांडायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण मागच्या लेखातल्या गोठणबिंदूंवरून एका वाचकाने विचारलेला प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाणं मला पटत नाही. बेंझिन ५.५ अंशांना, ॲक्रिलिक आम्ल १३ अंशांच्या आसपास आणि निर्जल ॲसेटिक आम्ल १६.६ अंशांना गोठतं, असं आपण पाहिलं होतं. वाचकाचं म्हणणं असं की, ॲसेटिक आम्ल तर पुण्या-नाशिकच्या थंडीतही पिंपात गोठतं. कोमट पाण्याची ऊब दिली की पातळ होतं आणि वापरात येतं. मग ॲक्रिलिक आम्लाच्या गोठण्याचा एवढा बाऊ कशासाठी? बाऊ गोठण्याचा नाहीच. घट्ट झालेलं ॲक्रिलिक आम्ल बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. धोका सुरू होतो तो ते पुन्हा पातळ करायला माणूस सरसावतो तेव्हा, आणि टँकर पूर्ण गोठलेला नसून अर्धवट गोठलेला असेल तर तो धोका सर्वांत मोठा असतो. कडाक्याच्या थंडीत घातक द्रव हाताळण्याच्या साऱ्या शास्त्रात मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आजचा सगळा लेख त्यालाच देतो.

ॲसेटिक आणि ॲक्रिलिक ही आम्लं कागदावर शेजारी-शेजारी दिसली तरी ॲक्रिलिक आम्लाच्या रेणूत दोन कार्बन अणूंमध्ये एक दुहेरी बंध असतो. त्या बंधामुळे हे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात. डायपरमधली पाणी शोषणारी पूड, रंग, चिकटद्रव्यं हे सारं याच गुणामुळे बनतं. पण ही जोडणी कारखान्याच्या पात्रात, मोजून-मापून व्हायला हवी; टँकरमध्ये झाली तर एका किलोमागे हजाराहून अधिक किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एक किलो गोठलेलं आम्ल वितळवायला लागते साधारण १५५ किलोज्यूल, म्हणजे या बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा साधारण सातवा हिस्सा. आणि पातळ झालेल्या किलोभर आम्लाचं तापमान एका अंशाने वाढवायला जेमतेम दोन किलोज्यूल पुरतात. वीस टनांच्या साठ्यात जोडणीची ही उष्णता कोंडली गेली तर तापमान १४१ अंशांच्या उत्कलनबिंदूपलीकडे जायला कितीसा वेळ लागणार? हे होऊ नये म्हणून आम्लात एमईएचक्यू नावाचा रोधक घालतात, टनामागे सुमारे २०० ग्रॅम. त्याची एक अट मात्र अनेकांच्या ध्यानात राहत नाही. तो एकटा काम करत नाही, द्रवात विरघळलेला प्राणवायू सोबत असला तरच करतो. इतर ज्वलनशील द्रवांच्या टाकीत वरची हवा काढून नायट्रोजन भरणं हा सुरक्षेचा पाठ आहे. इथे तोच पाठ गिरवला तर रोधक लुळा पडतो. म्हणून ॲक्रिलिक आम्लाच्या टाकीत मोकळ्या जागेत हवा ठेवतात. तिच्यात किमान पाच टक्के तरी प्राणवायू असायला हवा.

आता ही टाकी थंडीत उभी आहे अशी कल्पना करा. थंडी बाहेरून येते, त्यामुळे पहिले स्फटिक आतल्या भिंतीवर धरतात. स्फटिक वाढतो तो आपल्याच जातीचे रेणू ओळीने रचत. परका रेणू त्या रचनेत बसत नाही आणि बाहेर ढकलला जातो. शाळेबाहेर मिळणाऱ्या पेप्सीकोल्यातला रंग आणि गोडवा मुलं आधी चोखून घेतात आणि हातात पांढरा बर्फ उरतो, ते याच कारणाने जमतं. टँकरमध्ये भिंतीलगत जवळजवळ शुद्ध आम्लाचा थर जमत जातो आणि त्यातून हाकलला गेलेला रोधक मधल्या पातळ भागात साठत राहतो. विरघळलेल्या प्राणवायूचीही हीच गत होते. ही नुसती पुस्तकी शक्यता नाही. ॲक्रिलिक आम्ल अत्यंत शुद्ध करायचं असेल तर उद्योगात ते थंड पृष्ठभागावर मुद्दाम गोठवतात, मागे उरलेला मळकट द्रव काढून टाकतात आणि स्फटिक पुन्हा वितळवतात. कारखान्यात जाणूनबुजून केली जाणारी हीच शुद्धीकरणाची क्रिया, थंडीच्या रात्री टँकरमध्ये कुणी न सांगता घडते. फरक एवढाच की कारखान्यात शुद्ध झालेल्या आम्लात लगेच नव्याने रोधक घालतात आणि टँकरमध्ये ते करायला कोणी नसतं.

यानंतर टँकर मुक्कामाला पोहोचतो, व्हॉल्व्ह उघडला तरी काही बाहेर येत नाही आणि कोणीतरी स्टीमची नळी जोडायला सांगतो. उष्णता जॅकेटमधून किंवा कॉइलमधून, म्हणजे पुन्हा भिंतीकडूनच आत शिरते. आधी वितळतो तो भिंतीचा थर. रोधक सर्वांत कमी तिथेच, प्राणवायू जवळजवळ नाहीच तिथे आणि तापमान सर्वांत जास्त तेही तिथेच. द्रव आणि स्फटिक यांच्या खिचडीत घुसळण होत नसल्याने मधला रोधकाने भरलेला द्रव काही इंचांवर असूनही उपयोगाचा नाही. टँकरला लावलेला तापमापक या वेळी काय दाखवतो? सुमारे १३ अंश. स्फटिक आणि द्रव एकत्र असेपर्यंत मधलं तापमान तिथेच अडकून राहतं, कारण आत येणारी उष्णता वितळवण्यात खर्ची पडते. भिंतीलगतचा पापुद्रा शंभरी गाठत असला तरी तापमापकाकडे पाहणारा माणूस म्हणतो, अजून थंडच आहे, स्टीम वाढवा.

इथे एक आक्षेप येऊ शकतो. इतका मोठा साठा गोठेल तरी कसा? आक्षेप अर्धा बरोबर आहे, आणि त्याच्या उत्तरातच खरी गोम आहे. ढोबळ हिशेब करून पाहू. वीस टन आम्ल, २५ अंशांना भरलेलं, उष्णतारोधक वेष्टण असलेला आयएसओ टँक, बाहेर सतत उणे १० अंश. टाकीचा पृष्ठभाग पन्नास चौरस मीटर आणि वेष्टण बऱ्या स्थितीत, म्हणजे चौरस मीटरमागे प्रत्येक अंशाच्या फरकाला अर्धा वॅट गळती, असं धरलं तर १४ अंशांपर्यंत उतरायला जवळपास आठवडा लागतो. वेष्टणच नसेल तर तोच प्रवास दिवसभरातही उरकतो. पण वेष्टण असलेला टँक १३ अंशांना पोहोचल्यावर पूर्ण गोठायला किती वेळ घेईल? त्याच गळतीने साधारण दोन महिने! इतके दिवस टँकर रस्त्यात थांबत नाही. म्हणजे चांगल्या टँकमधून आलेला माल पूर्ण गोठून येणं जवळजवळ अशक्य, आणि उशीर झाला तर अर्धवट गोठून येणं अगदी स्वाभाविक. भिंतीला कवच, मध्ये द्रव, तळाच्या व्हॉल्व्हमध्ये घट्ट गुठळी. नियमपुस्तकात गोठलेल्या मालाचं कलम असतं, पातळ मालाचंही असतं. प्रत्यक्षात समोर उभा असतो तो या दोहोंच्या मधला.

या मधल्या अवस्थेसाठी एक नियम आहे, आणि तो ऐकणाऱ्याला हमखास उलटा वाटतो: अर्धवट वितळलेल्या साठ्यातून एक बादलीही काढायची नाही. जेवढं पातळ आहे तेवढं उपसून घ्यावं, कारखाना चालू राहील, उरलेलं सावकाश बघू, हा विचार व्यवहारी माणसाला लगेच सुचतो. पण उपसून घेतलेल्या द्रवाबरोबर टँकरमधला बहुतेक सगळा रोधक निघून जातो. मागे राहतो तो कवचाचा शुद्ध, निराधार थर, आणि त्यालाच उद्या कोणीतरी गरम करणार असतो. कधी याच्या उलट घडतं: कवच आधी वितळून व्हॉल्व्हकडे येतं आणि रोधक नसलेलं आम्लच पंपात शिरतं. पुढच्या पाइपात गुठळी अडकलेली असेल तर पंप बंद तोंडावर फिरत राहतो, तीच ती थोडी मात्रा घुसळून तापवतो, आणि साखळीची सुरुवात तिथूनही होऊ शकते.

मग रोधकच दुप्पट घाला, असं कोणी म्हणेल. त्याने काही साधत नाही. स्फटिक रोधकाला बाहेर ढकलतो तो त्याचं प्रमाण पाहून नव्हे. दुप्पट घातला तर मधल्या द्रवात दुप्पट साठेल, कवच होतं तसंच राहील. शिवाय आम्ल विकत घेणाऱ्याला शेवटी त्याच रेणूंची साखळी करायची असते आणि जादा रोधक त्याच्या पात्रात आडवा येतो. पाणी मिसळण्याची सूचना अधिक विचार करण्याजोगी आहे, कारण इतर रसायनांत ती फार चांगली चालते. ५० टक्के कॉस्टिक सोडा १२ अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतो, २० टक्क्यांचा मात्र उणे २६ पर्यंत टिकतो. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल शून्याच्या थोडं वर गोठतं, तर ९३ टक्क्यांचं उणे तिशीच्या आसपास, म्हणून थंड प्रदेशात हिवाळ्यात ९३ टक्क्यांचं आम्ल पाठवण्याचा रिवाज आहे. ॲक्रिलिक आम्लातही पाण्याने गोठणबिंदू उतरतो. पण या आम्लापासून एस्टर बनवणाऱ्या कारखान्याची सगळी धडपड अभिक्रियेत तयार होणारं पाणी बाहेर काढण्याची असते. त्याला पाणी घातलेला माल कसा चालेल? सगळ्यांसाठी एकच तोडगा शोधण्याचा मोह म्हणूनच टाळायला हवा.

सर्वांत गंभीर आक्षेप असा की, हे एका लहरी रसायनाचं पुराण आहे, बाकीच्या मालाला त्याचं काय? म्हणून तीन घटना सांगतो. १८ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या क्लायमर्सजवळ एका सिमेंट कारखान्यात टोल्युइन डायआयसोसायनेटचा टाकाऊ गाळ भरलेली रेल्वे टाकी फुटली. गाळ बाहेर पडावा म्हणून टाकीला स्टीम दिली जात होती. हे द्रव्य फार तापलं की त्याचे रेणू आपापसात अभिक्रिया करतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दाब चढत जातो. ती अवजड टाकी उंच साठवण टाक्यांवरून उडून सुमारे ७५० फुटांवर जाऊन पडली. कोणाचा जीव गेला नाही. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते टाकी रिकामी करण्याची सुरक्षित पद्धत ठरवलेली आणि पाळलेली नव्हती यावर. दुसरी घटना २६ जुलै १९९३ची, कॅलिफोर्नियातल्या रिचमंडची. ओलियम, म्हणजे सल्फर ट्रायऑक्साइड विरघळलेलं सल्फ्युरिक आम्ल, सहज उतरवता यावं म्हणून रेल्वे टाकी स्टीमने गरम करत होते. ती जास्त तापली, दाबाने सुटकेची वाट फोडली आणि काही तास आम्लाचा ढग वस्त्यांवर पसरत राहिला. वीस हजारांहून अधिक लोकांनी दवाखाने गाठले. महिना जुलैचा होता हे ध्यानात घ्या. ४५ टक्के मुक्त सल्फर ट्रायऑक्साइड असलेलं ओलियम पस्तिशीच्या आसपासच घट्ट होतं, तेव्हा अशा मालासाठी आपला मे महिनाही हिवाळाच. या दोन्ही मालांत ना दुहेरी बंधाची साखळी होती, ना एमईएचक्यू. समान होतं ते एवढंच की, सहज न वाहणारा माल होता, तो उतरवण्याची निकड होती आणि मर्यादा न घातलेली उष्णता होती.

तिसरी घटना ॲक्रिलिक आम्लाचीच, जपानमधल्या हिमेजीची, २९ सप्टेंबर २०१२ची. तिथे गोठलेलं काही नव्हतं, आणि म्हणूनच ती मला अधिक बोलकी वाटते. मधल्या साठवणुकीच्या टाकीत आम्ल नेहमीपेक्षा गरम राहिलं. थंड करणारी कॉइल फक्त खालच्या भागात होती आणि द्रव वरून फिरवण्याची सोय वापरात नव्हती. अशा गरम, स्थिर थरात दोन-दोन रेणू जुळत जातात. ही जोडी जमणं कोणताही रोधक थांबवत नाही. ते मुख्यतः तापमानावर अवलंबून असतं. त्या उष्णतेने तापमान चढलं, मग साखळी सुरू झाली आणि टाकी फुटली. एका अग्निशामक जवानाचा मृत्यू झाला आणि छत्तीस जण जखमी झाले. टाकीचा एक भाग शांत, दुसरा गरम आणि दोहोंत घुसळण नाही, ही स्थिती गोठलेल्या टँकरला स्टीम लावून आपण काही तासांत हाताने निर्माण करतो.

आता उपायाकडे. ॲक्रिलिक आम्ल वितळवायचं ते कोमट पाण्याने: साधारण ३५ ते ४५ अंशांचं पाणी जॅकेटमधून फिरवायचं, स्टीम नाही, उघडी विजेची शेगडी नाही, व्हॉल्व्हवर ज्योत तर नाहीच. वितळता-वितळता द्रव फिरवत राहायचं, म्हणजे रोधक सगळीकडे पोहोचतो आणि वरच्या हवेतला प्राणवायू पुन्हा विरघळतो. शेवटचा स्फटिक जाईपर्यंत काही उपसायचं नाही. याला दिवस लागतात, आणि खरी अडचण इथेच आहे. पाण्याचं तापमान मर्यादेत ठेवलं की उष्णता शिरण्याचा वेगही मर्यादेत राहतो; वीस टनांचा निम्मा भाग गोठला असेल तर नुसतं वितळवायलाच पंधराशे मेगाज्यूल हवेत. चालक खोळंबलेला, टँकरचं भाडं चढतं आहे, कारखान्यातली टाकी रिती होते आहे, आणि अशा वेळी रात्रपाळीच्या माणसाकडून संयमाची अपेक्षा धरायची. ती धरणं मला अन्यायाचं वाटतं. टँकर फाटकात उभा राहिल्यावर हा निर्णय घेण्याची पाळीच येता कामा नये.

निर्णयाची खरी जागा माल भरण्याच्या ठिकाणी आहे. भारतातही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. भारत पेट्रोलियमच्या कोची तेलशुद्धीकरण कारखान्यातला ॲक्रिलिक आम्ल आणि ॲक्रिलेटचा प्रकल्प फेब्रुवारी २०२१ मध्ये देशाला अर्पण झाला. कोचीत जानेवारीतही रात्र विशीच्या खाली क्वचितच उतरते. त्याच दिवसांत पंजाब-हरियाणात रात्री पारा पाचाखाली जातो. दक्षिणेत भरलेला टँकर वेष्टणाशिवाय उत्तरेला निघाला तर शेवटच्या दोन रात्रींत १३ अंशांची रेषा ओलांडू शकतो. म्हणून माल भरणाऱ्याने पाठवण्यापूर्वी घेणाऱ्याला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: कोमट पाणी फिरवायची सोय आहे का, त्या पाण्याच्या तापमानाला वर कुलूप घातलं आहे का, आणि टँकरच्या जॅकेटचं तोंड तुमच्या नळीला बसतं का. तिसरा प्रश्न फालतू वाटेल. पण कोमट पाण्याची नळी जॅकेटला बसत नाही आणि स्टीमची मात्र बसते, एवढं कारण रात्री दोन वाजता स्टीम सुरू व्हायला पुरतं. तीनपैकी एकाही प्रश्नाला नकार आला, तर टँकर त्या आठवड्यात फाटकाबाहेर काढू नये.