भूपृष्ठाची कैफियत – लेखांक ७ : चांद्याच्या मुलखातील बर्फ

खालचा थर वरच्याहून जुना असतो, या साध्या नियमावर भूशास्त्राची सारी कालगणना कशी उभी आहे, ते गेल्या लेखांकात पाहिले. त्या नियमाची प्रचीती एकाच जिल्ह्याच्या सरहद्दीत घ्यावयाची असेल, तर चंद्रपूरइतका, म्हणजे जुन्या चांद्याच्या मुलखाइतका, संपन्न प्रदेश महाराष्ट्रात दुसरा नाही, असे माझे मत आहे.

उन्हाळ्यात जेथे पारा ४७ अंशांच्या घरात जातो, त्याच चंद्रपूरपासून फार दूर नसलेल्या इरई गावाजवळ, पैनगंगेच्या काठी, चुनखडकाचा एक सपाट पृष्ठभाग उघडा पडलेला आहे. नदीच्या पाण्यानेच तो गुळगुळीत झाला असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु जवळ जाऊन निरखले म्हणजे एकाच दिशेने गेलेल्या लांब, सरळ आणि परस्परांना समांतर अशा खाचा त्यावर दिसू लागतात, आणि अशा रेघा ओढणे वाहत्या पाण्याच्या शक्तीबाहेरचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील फेडन यांनी त्यांची नोंद केली. हिमनदीच्या तळाशी गोठून बसलेले धोंडे, वरच्या बर्फाच्या प्रचंड भाराखाली, लोखंडावर कानस फिरवावी तसे खडकावरून रेटले गेले, तेव्हा त्या खाचा कोरल्या गेल्या. त्यांच्या वरच्या थराचीही साक्ष हीच आहे. तेथे बारीक हिरवट मातीत मुठीत मावणारे गोटे आणि माणसाला हलविता न येणारे धोंडे यांची सरमिसळ झालेली आहे. पाणी आपला गाळ निवडून टाकते, जड ते आधी आणि हलके ते नंतर; बर्फ मात्र वितळताना आपल्यापाशी असेल ते सारे एकदम सोडून देते. हा प्रकार सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

परंतु एका साक्षीवर निकाल देता येत नाही. सारी पृथ्वीच त्या काळी गारठली होती, की ही भूमीच मुळात अन्यत्र, ध्रुवाच्या समीप होती, हा प्रश्न इरईच्या खाचांनी सुटत नाही. त्यासाठी हिमथराच्या वर जावे लागते, म्हणजे वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाकडे वळावे लागते. या कोळशाच्या सोबतीच्या शेलमध्ये ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वृक्षाची लांबट पाने, मधली ठळक शीर आणि बाजूंची जाळी यांसह, उमटलेली सापडतात. हीच पाने दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया येथेही मिळतात. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती मृत्यू पावले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. अन्न आणि बळ सरत आले असताही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पाने निघाली. या वृक्षाची बीजे महासागर ओलांडून इतक्या दूरवर वाऱ्याने जाण्याजोगी नव्हती; तेव्हा ही सारी खंडे एके काळी एकसंध होती, हे अनुमान अपरिहार्य ठरते. त्या अखंड भूमीला भूशास्त्रात गोंडवन हे नाव मिळाले, आणि ज्या गोंडांच्या राज्यावरून ते आले त्यांची एक राजधानी याच चांद्यात होती.

यानंतरचा फार मोठा काळ मी येथे ओलांडून जातो, कारण वरोरा तालुक्यातील पिसदुऱ्याची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. तेथील शेतांतल्या तांबड्या मातीत अजस्र शाकाहारी डायनोसॉरांची हाडे सापडतात आणि त्यांबरोबर अश्मीभूत विष्ठेचे गोळेही सापडतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच या स्थळाचा परिचय करून दिला होता. हाडापुढे विष्ठेची मातब्बरी ती काय, असे कोणास वाटेल. पण प्राणी काय खात होता, हे हाड सांगू शकत नाही. वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकेचे सूक्ष्म कण पचनातून आणि काळातूनही अभंग राहतात, आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचे कुळ ओळखता येते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांचे सहकारी यांनी या गोळ्यांतील कण तपासले, तेव्हा ताडवर्गीय आणि सूचिपर्णी वनस्पतींबरोबर त्यांत चक्क गवताचे कण आढळले. २००५ साली हे प्रसिद्ध झाले. डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच गवते उदयास आली, ही तोवरची समजूत चांद्याच्या एका खेड्यातील पुराव्याने मोडीत निघाली.

त्या तांबड्या मातीवर पुढे काळा पाषाण पसरला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे थरांवर थर वाहिले, आणि त्यांनी दख्खनचे पठार घडविले. लाव्हा निवताना त्यातील लोहयुक्त कण तत्कालीन चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिर होतात, आणि त्या क्षेत्राचा कल अक्षांशागणिक बदलत असल्यामुळे खडक आपल्या जन्मस्थानाचा दाखला जवळ बाळगून असतो. आपल्या काळ्या पाषाणातील दाखला विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेचा आहे. पानाने जे सुचविले, ते खडकातील चुंबकत्वाने स्वतंत्रपणे मुक्रर केले. चांद्यावर बर्फ होते, तेव्हा चांदा दक्षिण ध्रुवप्रदेशाच्या जवळ होता. हवामान बदलत गेले हे खरे, परंतु त्याहून मोठी गोष्ट ही की भूमीच चालत आली.

पिसदुऱ्याचे अवशेष नांगराबरोबर वर येतात आणि हौसेखातर उचलले जातात. एकदा जागेवरून हलला की कोणता अवशेष कोणत्या थरातला, हे सांगण्याचे साधन उरत नाही. वाचकांपैकी कोणी त्या भागात राहत असेल, तर त्याने असा दगड दिसताच तो तेथेच राहू द्यावा, जागेची नीट नोंद करावी आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयास कळवावे.